खेचराचं आवतण

घोडी पांढरी होती, भाड्याची होती आणि तिच्या कपाळावर आरशांचा पट्टा बांधलेला होता. पोळ्याच्या दिवशी मुखेडच्या मैदानात तिला स्टेजच्या कडेला उभं केलं होतं, आणि मागच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शूर प्राणी गौरव सोहळा'. त्या घोडीनं जन्मात नवरदेवाशिवाय दुसरं ओझं वाहिलं नव्हतं. शौर्य गाजवलं होतं ते एका खेचरानं, आणि त्याचं चित्रसुद्धा त्या मैदानात कुठं नव्हतं. घोडीचा लगाम धरून माझा थोरला भाऊ उभा होता, छातीवर पदक लावून, आणि मी पुढच्या रांगेत बसून दातओठ खात होते.

मी लातूरला शाळेत गणित शिकवते. तोंडानं फटकळ आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझ्या स्थळाला पाहुणे यायचे तेव्हा आई त्यांना दारातच सांगून टाकायची, पोरगी बोलायला फटकळ हाय, मागून म्हणू नका. दादा माझ्या अगदी उलटा. कुणी त्याच्या पायावर पाय देऊन उभं राहिलं तरी तो पाय कधी उचलतोय याची वाट बघेल. म्हणून त्याच्या वाटणीचा रागही मलाच करावा लागतो.

दादा फौजेत खेचरांवर होता. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे नेमकं काय करायचा? जिथं ट्रक चढत नाही आणि बाकी काही रोज पोचत नाही, अशा डोंगरांवर दारूगोळा, रॉकेल, पीठ, डाळ, सगळं खेचराच्या पाठीवरून जातं. एकेका खेचराबरोबर एकेक जवान चालतो. खाली उतरल्यावर आधी खेचराचा खरारा, त्याचं दाणापाणी, पाठीला कुठं खोगीर लागलंय का ते बघणं, आणि मग जवानाचं जेवण. खेचराला नाव नसतं, खुरावर नंबर असतो. दादाच्या खेचराचा नंबर दोन-सात-चार. फौजेच्या हिंदीत, दो-सात-चार. संध्याकाळी गिनती व्हायची, म्हणजे हजेरी. हवालदार एकेक नंबर पुकारायचा, आणि खेचराला बोलता येत नाही म्हणून त्याचा जवान त्याच्या वतीनं 'हाजिर' म्हणायचा. दादा सुट्टीवर आला की वहिनीनं जेवायला हाक मारली तरी तोंडातून 'हाजिर' निघायचं, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मग ती उंचावरची लढाई झाली. एका चढावर त्यांच्या रांगेजवळ तोफगोळा पडला. दादाच्या मांडीत लोखंड घुसलं, तो वाटेच्या खाली घरंगळला आणि दगडांच्या आड बेशुद्ध पडला. खेचराच्या पाठीवर गोळ्यांच्या पेट्या होत्या. दुसरं जनावर असतं तर उधळलं असतं, खाली पळालं असतं. हे एकटं वर गेलं. वाट त्याच्या पायाखालची होती. वरच्या चौकीवर पोरांकडं गोळ्या संपत आल्या होत्या, तिथं जाऊन ते उभं राहिलं. पेट्या उतरवून घेतल्यावर ते थांबलं नाही, पुन्हा खाली आलं आणि दादा जिथं पडला होता त्याच्या वर, वाटेवर, उभं राहिलं. शोधायला निघालेल्या माणसांना आधी खेचर दिसलं आणि मग दादा. खेचराचा अर्धा कान उडालेला होता.

दादाला पदक मिळालं. खेचराला त्या संध्याकाळी गुळाची जास्तीची ढेप मिळाली, ती दादाच्या सोबत्यांनी दिली. यावर मी एकदा चिडून बोलले तेव्हा दादा म्हणाला, "गूळ त्याला लई आवडायचा, बाई. पदकाचं काय केलं असतं त्यानं?"

खेचर गेलं ते माझ्या लग्नाच्या वेळी. दादा माझ्या लग्नासाठी सुट्टी घेऊन आला होता, तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्या जवानानं खेचर वर नेलं. बर्फाचा कडा सुटला. जवान वाचला, खेचर भारासकट दरीत गेलं. दादाला ते हळदीच्या दिवशी फोनवर कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पंगतीत बुंदीचं घमेलं घेऊन फिरत होता, माझ्या सासरच्या माणसांना आग्रह करत होता. मला हे सगळं कितीतरी वर्षांनी वहिनीनं सांगितलं. तिला तो एकदाच बोलला होता. त्या सांजेला गिनतीत नंबर पुकारला असंल तर 'हाजिर' कोण म्हणलं असंल, एवढंच त्यानं तिला विचारलं.

पेन्शन घेऊन तो मुखेडजवळच्या आमच्या गावी आला. शेत आहे, बैलजोडी आहे, आजूबाजूला सगळ्यांचे ट्रॅक्टर झाले तरी यानं बैल विकले नाहीत. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं खांदेमळण असते. बैलांचे खांदे वर्षभर जुवाखाली घासलेले असतात, ते गरम पाण्यानं शेकायचे, हळद आणि तूप लावून चोळायचे, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' मान द्यायचा तर आधी आवतण द्यावं लागतं, मग तो माणूस असो की जनावर. दादा दोन बैलांना आवतण देतो. मग गोठ्याच्या टोकाला एक रिकामी मेख आहे, तिथं जातो, आणि तिथंही तेच म्हणतो. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पोरं चेष्टा करतात, फौजी काका मेखेला जेवायला बोलावतेत म्हणून. चेष्टा करणाऱ्यांत एकाच्याही गोठ्यात बैल नाही.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी गावी गेले होते, तेव्हाच तालुक्याच्या एका मंडळाचा अध्यक्ष आपल्या सोबत्यांना घेऊन दादाकडं आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं की परदेशात लढाईतल्या जनावरांना शौर्यपदकं देतात. कुत्र्यांना देतात, घोड्यांना देतात, कबुतरांनासुद्धा देतात.

"काका, आपल्या आख्ख्या भागात असा कार्यक्रम कुणी केला न्हाई," तो म्हणाला. "पोळ्याच्या दिवशीच करायलोत. तुमचा सत्कार, अन् त्या जनावराचा गौरव. लई भारी होईल."

दादानं शांतपणे विचारलं, "खेचर कोणतं आणणार?"

ते एकमेकांकडं बघायला लागले. दादा म्हणाला, लोह्याकडच्या वीटभट्टीवर खेचरं आहेत, मालक ओळखीचा आहे, मी सांगतो, एक दिवस देईल. त्या निमित्तानं त्या मुक्या जीवाला एक दिवस विसावा मिळेल.

अध्यक्षाचं तोंड बघण्यासारखं झालं. "काका, राग मानू नका. गाढवाच्या जातीचं जनावर स्टेजपशी? पाव्हण्याच्या हातानं त्याला हार? लोकं म्हणतील फौजीची धिंड काढली. इरोधी लोकं तर टपलेलीच हायत. आपण घोडा आणू की. घोडा दिसायलाबी शोभतो."

इथं मी तोंड उघडलं. मी म्हणाले, "पाठीवर गोळ्या नेल्या खेचरानं, अन् हार घालणार घोड्याला? मग सत्कारबी दुसऱ्याच माणसाचा करा, शोभंल असा."

"बाई," दादा म्हणाला, आणि मी गप्प बसले. तो अध्यक्षाला म्हणाला, "घोडा आणा, काय आणायचं ते आणा. माझी एकच गोष्ट हाय. माइकवरून त्याचा नंबर पुकारा. एकदाच. दो-सात-चार. बस."

"एवढंच ना काका? दोनदा पुकारतो," असं म्हणून अध्यक्षानं त्याच्या पायाला हात लावला. चहा पिऊन ते गेले. मला तेव्हा कळलं की दादा घोडी, फ्लेक्स, शाल सगळं का सोसायला तयार झालाय. इतक्या वर्षांत तो नंबर कुणी पुकारला नव्हता.

खांदेमळणीच्या सांजेला दादानं रिकाम्या मेखेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मी दारात उभी होते. तो म्हणाला, "आज आवतण घ्या," आणि मग मेखेवर हात ठेवून, "उद्या मुखेडला या."

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की श्रावण आहे की वैशाख कळू नये. मैदानाबाहेर बैलजोड्या उभ्या होत्या, शिंगांना रंग, अंगावर झुली, तोंडाला फेस. पोळा त्यांचा, पण मंडप माणसांना होता. पहिल्या रांगेत सोफे. सोहळ्याचा मुख्य देणगीदार कोण, तर ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक. हे मी रचून सांगत नाही. बैलांच्या सणाला ट्रॅक्टरवाल्याचा सत्कार झाला, आणि त्यानं भाषणात बैल हा आपल्या संस्कृतीचा आत्मा आहे असं सांगितलं. त्यानंतर खताच्या दुकानदाराचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार, डीजेवाल्याचा सत्कार. नारळांचा ढीग उतरत होता आणि टोप्या चढत होत्या. फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे परातीएवढे, दादाचा फोटो वाटीएवढा, आणि मधोमध आगीतून उडी मारणारा काळा घोडा.

बँडनं देशभक्तीचं गाणं सुरू केलं तशी घोडी नाचायला लागली. ती बिचारी काय करणार, बँड वाजला की पाय उचलायचे एवढंच तिला शिकवलेलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मोबाइल वर झाले. घोडीवाला लांबून ओरडला, "फौजी, लगाम सोडू नका, ती थांबत न्हाई!" दादानं सोडला नाही. तिच्या गळ्यावर हात ठेवून तो काहीतरी पुटपुटत राहिला, आणि दुसऱ्या हातानं पोटाखालचा पट्टा त्यानं दोन भोकं सैल केला. घोडी हळूहळू उभी राहिली. तिची जीनखालची बाजू घामानं काळी पडली होती, तेवढं मी पाहिलं.

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आल्याआल्या घाईत होते. त्यांनी दादाला शाल दिली, श्रीफळ दिलं. मग घोडीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, तो तिनं लगेच खायला घेतला. त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट मला पटली. मग पाहुणे माइकशी गेले आणि म्हणाले, "या घोडीनं बर्फाळ डोंगरावर आपल्या जवानांचे प्राण वाचवले. आज ती आपल्यात आहे, हे आपलं भाग्य आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी अध्यक्षाकडं पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. एका बाईनं येऊन घोडीच्या खुरांवर पाणी घातलं आणि कुंकू लावलं. माणसं रांग लावून तिच्याबरोबर सेल्फी काढायला लागली. एकजण तर दादाला म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, घोडी पूर्ण येऊ द्या. दादा बाजूला झाला.

पण मी घोडीकडं बघत नव्हते. मी दादाकडं बघत होते. तो कुठंच बघत नव्हता, फक्त माइककडं. माइकशी कुणी आलं की त्याच्या टाचा जुळायच्या. निवेदक आला, टाचा जुळल्या. निवेदकानं उत्कृष्ट बैलजोडीचं बक्षीस जाहीर केलं. अध्यक्ष आला, टाचा जुळल्या. अध्यक्षानं पाहुण्यांवर कविता म्हटली. कुणीतरी आभार मानायला उभं राहिलं, आणि दादाच्या टाचा तशाच जुळलेल्या राहिल्या. मांडीत लोखंड शिरलेला पाय त्याला इतका वेळ ताठ धरवत नाही. तो थरथरत होता, ते मला रांगेतून दिसत होतं. आभार संपत आले.

मी उठले आणि स्टेजच्या पायरीशी अध्यक्षाला गाठलं. "नंबर कधी पुकारणार?"

"मॅडम, राहून गेलं बघा," तो म्हणाला. "पाव्हणे निघाले. अन् खरं सांगू का, आता बक्षिसाचे नंबर झालेत, मधीच हा पुकारला तर लोकाला वाटंल अजून एक जोडी लागली. उगं गोंधळ. काकाला मी समजून सांगतो. सत्कार तर झाला ना?"

सत्कार तर झाला ना! माझे कान तापले. मला त्या माणसाच्या इस्त्रीचा राग आला, त्या टोप्यांचा राग आला, हार घातलेल्या खोटेपणाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या 'समजून सांगतो'चा. जो माणूस वर्षानुवर्षं एका आकड्यासाठी थांबला, त्याला हा समजून सांगणार. मी माइक मागितला नाही. साठ पोरांच्या वर्गात ज्या आवाजानं शेवटचा बाक गप्प होतो, तो आवाज माझ्याकडं आहे.

"ऐका!" मी ओरडले. "ही घोडी लग्नातली हाय! लढाईत होतं ते खेचर. गाढवाच्या जातीचं. तुम्हाला त्याची लाज वाटली म्हणून ही आणली. ते मेलं, अन् त्याचं नाव घ्यायला तुमच्यातल्या एकाचीबी जीभ वळली न्हाई. नाव न्हवतंच त्याला, नंबर होता." आणि मी पुकारलं, "दो-सात-चार!"

मग मागून कुणीतरी विचारलं, "दोनशे चौऱ्याहत्तर कुणाची जोडी हाय रे?" आणि हशा पिकला. मी पुन्हा पुकारलं. दादा माझ्याकडं बघत होता. त्याचं तोंड उघडलं होतं, शप्पथ सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात अध्यक्षानं हात हलवला आणि स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत चालू असताना माझा भाऊ जगात कशासाठीही तोंड उघडणार नाही. तो सावधानमध्ये उभा राहिला. मीही राहिले, काय करणार. राष्ट्रगीत संपलं तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, आणि त्यांच्या मागं सगळं मंडळ पळत होतं.

घोडीवाल्यानं येऊन लगाम घेतला. "पट्टा तुमी सैल केला व्हय?" त्यानं दादाला विचारलं. दादा हो म्हणाला. "बरं केलं," म्हणून तो घोडी घेऊन निघून गेला.

जीपमध्ये दादा माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, चारचौघांत तमाशा केला म्हणून चिडलाय. माझं काही चुकलं असं मला वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. त्या मंडळानं नंतर घोडीचे फोटो स्टेटसला ठेवले, आणि खाली लिहिलं, शूर घोडी. माझ्या भावाचा फोटोत कोपरा आला आहे. जे लोक जिवंत बैल विकून पोळ्याचे फ्लेक्स लावतात, त्यांनी कुणाच्या शौर्याबद्दल बोलूच नये, असं माझं मत आहे आणि ते मी कुणालाही तोंडावर सांगेन.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. वहिनीनं बैलांची पूजा मांडली होती. शेजारच्या गोठ्यांतून झांजेचा आवाज येत होता. दादानं शाल खुंटीला टांगली, पदक काढून कपाटात ठेवलं, पाय धुतले आणि बैलांना पुरणपोळीचा घास दिला. मग तिसरी पोळी, वर गुळाचा खडा ठेवून, हातात घेऊन तो रिकाम्या मेखेपाशी गेला. मी दारातच उभी होते.

"बाई," तो पाठमोराच म्हणाला, "गिनतीत एवढं वरडून पुकारत नसतेत."

"मग कसं पुकारतेत?"

"निवांत. तो हायच तिथं, असं समजून." त्यानं दुखरा पाय ओढून दुसऱ्या पायाला लावला. "पुकार की."

मी आवाज खाली आणला. नीट पुकारलं. "दो-सात-चार."

"हाजिर," दादा म्हणाला, आणि वाकून पोळी मेखेपाशी ठेवली.